न केलेली कंट्रोल स्लाइड

"सर, कंट्रोलची स्लाइड सापडंना," नसरीन म्हणाली.

"डब्यातच असंल. नीट बघ," मी म्हणालो.

डब्यात ती नव्हती. मी ती केलीच नव्हती.

नांदेडच्या एका लॅबमध्ये मी सीनियर टेक्निशियन होतो. नसरीन तिथं पीएचडी करायची. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची पोर. स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी तयार होतात त्या मूळपेशी, पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत नेमक्या कुठं असतात, हा तिचा विषय. ऑपरेशनमध्ये निघालेले ग्रंथीचे तुकडे आमच्याकडं यायचे. त्यांचे पातळ काप काचेवर घेऊन अँटिबॉडी टाकायची. ती ठरावीक पेशींनाच चिकटते आणि पुढच्या रसायनानं त्या तपकिरी दिसतात. एक काप मात्र अँटिबॉडीशिवाय ठेवायचा. तो कंट्रोल. त्यातही तपकिरी दिसलं, तर तो रंग खोटा.

तिचे काप मी रंगवले, त्या शनिवारी मला लातूरची बस गाठायची होती. रविवारी तिथल्या कोचिंग क्लासमध्ये मी बायोलॉजी शिकवायचो. घाईत कंट्रोल वगळला.

नसरीननं तपकिरी पेशी मोजून अख्खं प्रकरण लिहिलं. थिसिस द्यायला पंधरा दिवस उरले होते, त्यावर तिची लेक्चररची मुलाखत अवलंबून होती. गाइड मॅडमनी कंट्रोलचा फोटो मागितला आणि ती दोन दिवस डबे उपसत राहिली.

"माझ्याच हातून फुटली असंल, सर. तुमचं काम तर कधी चुकत न्हाई."

मी उठून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"केलीच नव्हती? अन् पोरगी दोन दिवस हुडकून राहिली!" मॅडम म्हणाल्या.

उरलेल्या तुकड्यांचे नवे काप नसरीननं स्वतःच काढले, कंट्रोलसकट. कंट्रोलच्या कडाही तपकिरी निघाल्या. ऑपरेशनमध्ये ग्रंथी विजेनं तापलेल्या तारेनं कापतात, त्यात तुकड्यांच्या कडा जळतात आणि जळकी कड आपोआप रंग धरते. मोजलेल्या बहुतेक पेशी तिथल्याच होत्या. खऱ्या थोड्याच उरल्या, ग्रंथीतल्या बारीक नळ्यांच्या बाहेरच्या थरात, एकेकट्या.

"एवढ्या स्टेम सेल असत्या, तर प्रोस्टेट टरबुजाएवढं झालं असतं," मॅडम म्हणाल्या. "मलाच शंका यायला पाहिजे होती."

थिसिस सहा महिन्यांनी मंजूर झाला. मुलाखत हुकली ती हुकलीच.

त्यानंतर नसरीन माझा प्रत्येक डबा स्वतः उघडून बघायची. तिचं बरोबर होतं. माणसाच्या शब्दापेक्षा काच बघितलेली बरी, हे मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगतो. का, ते आजवर सांगितलं नव्हतं.