सुपारी फुटली की कादंबरी पास

किस्से इतके साठून राहतात की सांगायला बसलं तर आधी कुठला उचलावा तेच कळत नाही. आमच्या श्रीवर्धनला अंगणात सुपारी वाळत घातलेली असते ना, तसं! एक उचलायला जावं तर चार घरंगळत पायाशी येतात. परवा भाची म्हणाली, "मावशी, तुमच्या काळी करमणुकीला काय असायचं गं?" मी म्हटलं, "समिती!" तिला वाटलं, मी थट्टाच करतेय.

समिती म्हणजे आमच्या वाचनालयाची ग्रंथनिवड समिती. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मुंबई-पुण्याहून प्रेमाच्या कादंबऱ्यांचा नुसता पूर आला होता आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना आपल्या लेकी-सुनांची काळजी लागली होती. म्हणून ठरलं, की प्रेमाची कादंबरी आधी समितीनं तपासायची आणि मगच कपाटात ठेवायची.

अध्यक्ष माझे सासरे, आप्पा. त्यांची नारळ-पोफळीची वाडी. सभासद दोन. एक हमीदभाई, आगबोटीचे एजंट. दुसरे दामले मास्तर, शाळेत मराठी शिकवायचे. तिशी उलटली तरी बिनलग्नाचे आणि अंगानं चांगले भरलेले. त्यांना आई-वडील नव्हते, ज्या मामांनी वाढवलं तेही गेले होते. हमीदभाईंच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि निम्म्या वेळा जेवायलाही त्यांच्याकडेच असायचे.

आणि चिटणीस मी! माझे यजमान लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विषमज्वरानं गेले. आप्पा-माईंचा तो एकुलता एक. त्यानंतर मी दिवसचे दिवस भिंतीकडे बघत बसायची. आप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. एक दिवस म्हणाले, "विमल, भिंतीवर काही लिहिलेलं नाही. त्यापेक्षा मला कादंबऱ्या वाचून दाखव, म्हणजे समितीचं काम तरी पुढं सरकेल." त्या माणसानं मला हाताला धरून उठवलं, हे मी कधी विसरले नाही.

०

आप्पांची तपासायची पद्धत सगळ्या जगात कुणाची नसेल.

"आधी शेवटचं पान वाच!"

शेवटच्या पानावर लग्न ठरलेलं असलं की आप्पा चंचीतून सुपारी काढायचे आणि अडकित्त्यानं कडाडकन फोडायचे. आमच्याकडे लग्न पक्कं झालं की दोन्हीकडची वडील माणसं मिळून सुपारी फोडतात. सुपारी फुटली की मग मोडता घालायचा नाही. आप्पांनी तीच रीत कादंबरीला लावली होती. सुपारी फुटली की कादंबरी पास! खांड सगळ्यांना वाटायचं. आणि शेवटी ताटातूट, विष, विहीर असलं काही निघालं की सुपारी परत चंचीत. कादंबरी नापास!

मास्तर एकदा म्हणाले, "आप्पा, पण मधली अडीचशे पानं?"

"लग्नात मधे काय काय गोंधळ होतात, ते कुणी विचारतं का? अक्षता पडल्या ना? झालं!"

०

पण पास झालेली कादंबरीसुद्धा आप्पा पुढं पहिल्यापासून ऐकायचे. "अध्यक्षाला माहिती हवी," म्हणायचे. संध्याकाळी पडवीत मी वाचायची, आप्पा झोपाळ्यावर आणि माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत दाराआड सुपारी सोलत. माईंचा कादंबऱ्यांना कडक विरोध होता. "मी काही ऐकत नाही हो," असं त्या रोज बजावायच्या.

आता सासऱ्यांपुढे ते 'तिचे ओठ थरथरले' वगैरे वाचायचं कसं? मी आपली तिथं आले की हळूच दोन पानं एकदम उलटायची. आप्पा काही बोलायचे नाहीत. त्यांनाही बरंच वाटत असावं.

एका संध्याकाळी नायक-नायिका टेकडीवर गेले. मी पानं उलटली आणि वाचलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना..."

आतून सुपारी सोलायचा आवाज थांबला.

"मागं जा गो," माई म्हणाल्या. "ती दोघं टेकडीवरून खाली उतरलेली नाहीत अजून!"

०

कादंबऱ्यांचं पार्सल मुंबईहून आगबोटीनं यायचं आणि हमीदभाई ते घरी आणून द्यायचे. पण पार्सल नेहमी फाटलेलं! आतल्या कादंबरीला अत्तराचा मंद वास.

"बोटीवरची माणसं काय तशी फेकतात सामान," हमीदभाई हळहळायचे. "काय करनार!"

आप्पांनी एकदा धर्मग्रंथांचं पार्सल मागवलं. ते अगदी धडधाकट आलं, गाठसुद्धा हललेली नाही.

आप्पा म्हणाले, "हमीदभाई, बोटीवरची माणसं सुधारली वाटतं!"

०

मधे तक्रारी वाढल्या, तेव्हा आप्पांनी नवीन युक्ती काढली. कादंबरी पास, पण नको त्या ओळींवर कागदाची पट्टी चिकटवायची. माईंनी खळ शिजवून दिली. मी आणि मास्तर पडवीत समोरासमोर बसून पट्ट्या चिकटवायचो. कुठल्या ओळी झाकायच्या ते ठरवायला त्या आधी वाचायला लागायच्या, त्यामुळे दोघांच्याही माना खाली. मास्तरांचे कान लाल झालेले मला दिसायचे.

महिनाभरात वाचनालयात बायका येऊन विचारायला लागल्या, "पट्टीवाली आहे का हो एखादी?" सरळ कादंबरीला कुणी हात लावेना! पट्टीवाल्या मात्र परत यायच्या त्या पट्ट्यांशिवाय. चहाच्या वाफेवर धरली की पट्टी अलगद सुटते, हा शोध गावात घरोघरी लागला होता.

हमीदभाईंनी हात जोडले. "आप्पा, आधी लोकांना अख्खा पुस्तक वाचायला लागत होता. आता तुमी पट्टी लावताव, म्हणून बरोबर कळताय कुठं वाचायचा ता!"

पट्ट्या बंद झाल्या. खरं सांगायचं तर मला जरा चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

०

एक गृहस्थ तणतणत आप्पांकडे आले. "तुमच्या कादंबऱ्यांनी माझी मुलगी बिघडवली! म्हणते, मुलगा बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही!"

आप्पांनी शांतपणे विचारलं, "मग दाखवा की मुलगा. दिसायला वाईट आहे का?"

"तसा वाईट नाही, पण..."

"मग मुलगी बिघडली नाही, तुम्ही घाबरलात."

गृहस्थ जाताना ती कादंबरी घेऊन गेले, मुलगी नेमकी कुठल्या पानावर बिघडली ते बघायला. दोन महिने झाले तरी पुस्तक परत नाही. मी निरोप धाडला, तर उत्तर आलं, "सौ. वाचतेय. तिचं झालं की मी पुन्हा एकदा तपासून देतो."

०

आता पोफळीचा, म्हणजे सुपारीच्या झाडाचा किस्सा. एका कादंबरीत नायक कोकणात येतो आणि पोफळीच्या झाडाआड लपून नायिकेला बघत राहतो. नायिकेला पत्ता नाही! मी वाचलं आणि आप्पांनी झोपाळा थांबवला.

"पोफळीआड? मनगटाएवढं झाड ते! त्याच्याआड माणूस लपतो?"

मास्तर लेखकाच्या बाजूनं उभे राहिले. "आप्पा, नायिकेचं लक्ष नसेल तर शक्य आहे."

"चला वाडीत!"

सगळी समिती वाडीत. आप्पांनी मास्तरांना एका पोफळीमागे उभं केलं आणि मला पाण्याच्या पाटाच्या कडेला. "विमल, तू नायिका. आता वळून बघ, कुणी दिसतंय का?"

मी वळले. मधोमध पोफळ आणि तिच्या दोन्ही बाजूंनी मास्तर! शिवाय बिचाऱ्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते, म्हणजे आपण दिसणार नाही! मला असं काही हसू फुटलं की मी पाटाच्या कडेवर मटकन बसले. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, तरी हसू थांबेना.

मग माझं लक्ष गेलं. आप्पा माझ्याकडे बघत होते. यजमान गेल्यापासून मी मोठ्यानं हसलेच नव्हते.

"कादंबरी पास," आप्पा म्हणाले आणि तिथंच सुपारी फोडली. शेवटचं पान वाचायलाही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून मास्तरांनी मला 'विमलताई' म्हणायचं सोडलं. 'विमलबाई' म्हणायला लागले. हमीदभाईंच्या ते बरोबर ध्यानात आलं, आणि माझ्याही.

०

पुढं एकदा मास्तर वाचनालयात पुस्तकं लावताना म्हणाले, "विमलबाई, मी आप्पांना विचारू का?" काय विचारू, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

मला मास्तर हवे होते, अगदी मनापासून हवे होते. पण थोड्याच दिवसांपूर्वी एका कादंबरीत विधवेचं पुन्हा लग्न झालं होतं. शेवटच्या पानावर अक्षता पडल्या होत्या, तरी आप्पांनी सुपारी चंचीत ठेवली आणि उठून गेले. त्यांच्या मुलाचा फोटो पडवीतच होता. त्यांना दुखवायचं आणि वर माझं वाचणं, ही पडवी, हे हसणं सगळं गमवायचं? मी म्हटलं, "आप्पांना जे कादंबरीत चालत नाही, ते घरात कसं चालेल?"

मास्तरांनी विचार केला. "मग आधी कादंबरी पास करून घेऊ," म्हणाले.

आणि त्यांनी तसलीच दुसरी कादंबरी मागवली. विधवा सून, शेजारचा तरुण, घरात सासू-सासरे. पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं ती आली. आता पाऊस सरेपर्यंत मुंबईची बोट नाही. पार्सल नेहमीप्रमाणे फाटलेलं होतं, पण हमीदभाईंचा चेहरा काही नेहमीचा नव्हता.

"शेवटचं पान वाच," आप्पा म्हणाले.

मी शेवटचं पान उघडलं. तिथं केसांच्या तेलाची जाहिरात! पुस्तक बांधणाऱ्यानं शेवटची सोळा पानं शिवलीच नव्हती, आणि हमीदभाईंना ते आधीच कळलेलं होतं!

"शेवटच नाही? मग पहिल्यापासून वाच. दुसरं काय करणार!"

आषाढभर मी ती वाचली. बाहेर धो-धो पाऊस, आत माझं वाचन. एकही पान गाळलं नाही. माईंनीही "मागं जा" म्हटलं नाही. शेवटी तो तरुण घरी येतो आणि सुनेला मागणी घालतो. सून मान खाली घालून उभी. मी वाचलं, "सासरे उंबऱ्यात आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि ते म्हणाले,"

"काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं.

"पुढं जाहिरात आहे, आप्पा."

मग सगळा श्रावण त्या सासऱ्यानं खाल्ला! आप्पा जेवताना मधेच थांबायचे. "काय म्हणाला असेल गं तो?" वाडीत शिंपणं नव्हतं, तरी छत्री घेऊन पोफळींमधून एकटेच फिरून यायचे. हमीदभाई म्हणाले, "चिडला असंल." मास्तर म्हणाले, "रडला असेल." आतून माई म्हणाल्या, "पुरुषमाणूस तो! काहीच म्हणाला नसेल. बायकोनंच म्हटलं असेल, की पोरीला किती दिवस असं बघायचं!"

आप्पांनी दाराकडे पाहिलं.

पाऊस ओसरला, तेव्हा समितीची बैठक भरली. हमीदभाई म्हणाले, "आप्पा, पुढच्या हप्त्यात बोट सुरू होतेय. चांगली प्रत मागवतो, शेवट कळंल."

"नको," आप्पा म्हणाले. "चिटणीस, लिहा. कादंबरी नापास. शेवट नसलेलं पुस्तक वाचनालयात ठेवता येत नाही."

मी तसं लिहिलं. मास्तर खाली बघत राहिले.

आप्पांनी चंचीतून सुपारी काढली. चांगली टपोरी, आमच्याच वाडीतली. ती पाटावर ठेवली, शेजारी अडकित्ता ठेवला. आतून माई आल्या. समितीच्या बैठकीत त्या बाहेर आल्या त्या पहिल्यांदाच. हातात साखरेची वाटी होती.

"मास्तर," आप्पांनी घसा साफ केला, "तुमच्याकडून वडील माणूस कोण?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं.

हमीदभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि पाटाजवळ सरकून बसले.

"मी हाय की! फोडा, आप्पा!"