बाबांच्या गुडघ्यात काय हललं?

मित्रांनो, अजून धडधडतंय, तरी लिहिते.

माझ्या बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर आहे. त्यासाठी दर आठवड्याला नळीवाटे बीसीजी आत सोडतात. लहान बाळांना टोचतात तीच क्षयाची लस, जिवंत जंतूंची.

आज सकाळी कारधा गावातल्या आमच्या घरी बाबा हातमागावर विणायला बसायला निघाले, पण त्यांना खाटेवरून उठताच येईना. दोन्ही गुडघे टम्म सुजलेले, डोळे लालभडक. पडणं नाही, लागणं नाही.

"पोरी, आत काहीतरी जित्तं हाय. हलून राहिलं," ते हळूच म्हणाले.

मी हात ठेवला. गरम कातडीखाली खरंच काहीतरी ठणकत होतं. मी हात झटकन मागे घेतला.

भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी तपासायला पाठवलं. "जंतू नसावेत. औषधानं जागी झालेली प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटली असावी. क्वचित होतं असं."

"म्हंजे माह्यंच आंग मले खाऊन राहिलं काय?" बाबांनी विचारलं.

"सूज उतरेल, काका. पण बीसीजी सध्या बंद."

गोळ्यांनी बाबांना आता झोप लागली आहे. बीसीजी थांबल्यावर तो कॅन्सर काय करेल, हे मात्र त्यांच्यासमोर विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालंय का? पुढे काय झालं, सांगाल?