मुरूम लागेपर्यंत

अमरावतीला कॅम्पाकडे पाद्र्यांची मुलांची शाळा आहे. आज तिथे सहाशेवर मुलं शिकतात आणि मॅट्रिकला बसतात. सुरुवातीला ती एका भाड्याच्या बंगल्यात भरायची. मुलं एकोणीस, त्यांतली निम्मी पाद्र्यांनीच सांभाळलेली. गावातली भटा-वकिलांची घरं आपली पोरं तिकडे धाडायला दोन वर्षं कचरली. मग जोश्यांच्या घरातले कमलाकांत मास्तर तिथे मराठी आणि संस्कृत शिकवायला गेले, आणि त्यांच्यामागून हळूहळू वाट पडली. हे सगळं शाळेच्या दप्तरात कुठेतरी लिहिलेलं असेल. जैनुद्दीन मिस्त्रीचं त्यात एका ओळीएवढंही नसेल. म्हणून मी लिहितो.

जैनुद्दीन अकोल्याच्या जुन्या शहरातला, मोर्णेच्या काठचा. त्याचा बाप गवंडी, आजा गवंडी. त्याला अक्षर येत नव्हतं. पण भिंतीकडे नुसतं पाहून ती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे की नाही ते तो सांगायचा, आणि मग ओळंबा लावला तरी सूतभर फरक निघत नसे.

आमची माती काळी. उन्हाळ्यात ती अशी भेगाळते की बैलाचा पाय आत जाईल. पावसात ती फुगते, वर येते, आणि तिच्यावर जे उभं असेल त्यालाही उचलते. तिच्यावर भिंत टिकत नाही. तिच्याखाली कडक, न फुगणारा मुरूम असतो, कुठे सहा फुटांवर, कुठे बारा. मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि तिथून दगड-चुना भरत वर यायचं, एवढंच आमच्याकडचं बांधकाम. समुद्रापलीकडून आलेल्या पाद्र्यांना हे ठाऊक नव्हतं. पहिल्या इमारतीचा पाया त्यांनी तीन फुटांचा योजला होता. जैनुद्दीनने कागदावर बोट ठेवून विचारलं, किती खोल? उत्तर ऐकून तो म्हणाला, "साहेब, ही शाळा दोन वर्षांत चालाले लागन."

शाळेचे मुख्य फादर आन्सेल्म यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "खणा."

त्या दिवसापासून शाळेची प्रत्येक भिंत जैनुद्दीनच्या हातची.

एकोणीसशे अठरा सालच्या पावसाळ्यानंतर पश्चिमेची बाजू बांधायला काढली. मुलं दीडशेवर गेली होती, वर्ग ओसरीत भरत होते. त्याच दिवसांत मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली. बावीस मजुरांतले सात मेले, उरलेले बहुतेक आपापल्या गावी पळाले. पाया सगळीकडे नऊ फुटांवर मुरमाला लागला होता, पण नैऋत्येच्या कोपऱ्यात नऊ फुटांवरही काळीच माती येत होती. तिथे कधीकाळी एखादा नाला बुजला असावा. आणि त्याच सकाळी अकोल्याहून निरोप आला की अनवरी, जैनुद्दीनची बायको, गेली. तो निघायला उभा राहिला. रस्त्यावर टांगा थांबला होता. खड्ड्यातल्या दोघांनी वर बघून विचारलं, अजून खणायचं का? त्याने खाली पाहिलं आणि म्हणाला, "भरा."

बायकोच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर तो परत आला तेव्हा कोपरा जोत्याच्या वर आला होता.

पुढच्या वैशाखात त्या कोपऱ्यावरच्या खिडकीशी केसाएवढा तडा दिसला. शाळेला सुट्टी होती. जैनुद्दीनने अकोल्याहून भिजवलेला चुना आणला, तडा बुजवला, वरून सफेदी फिरवली आणि निघून गेला. त्यानंतर दर वैशाखात तो यायचा. बडनेऱ्याला गाडी बदलायची, डोक्यावर चुन्याची हंडी घ्यायची, उन्हातून चालत यायचं. तडा दरवर्षी असायचाच. लोक पाहायचे. फादर इतरांना सांगायचे, पाहा, याला कोणी बोलावत नाही, तरी हा येतो. कमलाकांत मास्तर मुलांना त्याचं उदाहरण द्यायचे. आपल्या कामावर माणसाचं प्रेम कसं असावं, तर जैनुद्दीन मिस्त्रीसारखं. तो ऐकायचा आणि खाली मान घालून चुन्याची थापी धुवायचा.

असे आठ वैशाख गेले.

सत्तावीस सालच्या फाल्गुनात फादरांनी त्याला बोलावून घेतलं. शाळेला हायस्कूल व्हायचं होतं. त्यासाठी तीन खोल्या जास्त हव्या होत्या आणि त्यांतली एक शास्त्राच्या प्रयोगांना. डिसेंबरात तपासनीस येऊन पाहणार होते. खोल्या नसल्या तर वरचे वर्ग मिळणार नाहीत, आणि सरकारी शाळेत तर जागाच नाहीत.

"पश्चिमेच्या बाजूवर मजला चढवू," फादर म्हणाले. "भिंती जाड आहेत. तुम्हीच बांधल्या."

"फादरसाहेब, माह्यं वय झालं. दुसरा पाहा."

"दुसरा नको."

कमलाकांत मास्तर तिथेच बसले होते. त्यांचा मुलगा नारायण त्या वर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गात होता; पुढचा वर्ग निघाला तर इथेच शिकणार होता. ते म्हणाले, "मिस्त्री, भाव खाऊ नका आता. तुमच्याशिवाय इथे कोणी वीट ठेवत नाही, ते सगळ्या गावाला माहीत आहे."

जैनुद्दीन अकोल्याला परतला. लेक नसीमबानो नवऱ्यासह त्याच्याकडेच राहत होती. पाच दिवस तो धड जेवला नाही, तेव्हा तिने ताट पुढे सरकवत विचारलं, "अब्बा, काय करून राहिले तुमी? बोला तरी."

तेव्हा त्याने तिला त्या कोपऱ्याचं सांगितलं. याआधी कोणालाच सांगितलं नव्हतं.

तिने ऐकून घेतलं. "अम्मी गेली त्या दिशी?"

"हो."

"मंग सांगून टाका तसंच. माफ करतीन."

"माफीचं नाही, बेटा. वर पोट्टे बसतीन."

"तर मंग कावून बसले इथं?"

तो बसला होता कारण अमरावतीत त्याचं जे काही होतं ते त्या शाळेच्या भिंतींवर होतं. तिथली घरबांधणीची निम्मी कामं त्याला त्या शाळेमुळे मिळाली होती. सांगितलं की ते सगळं जाणार. न सांगता मजला चढवला, तर कदाचित वीस वर्षं काहीच होणार नाही. कदाचित पहिल्याच पावसात होईल. माती कोणाला सांगून हलत नाही.

चैत्रात सुट्टी लागली आणि तो कुदळ घेऊन अमरावतीला आला. कोणाला काही न विचारता त्याने नैऋत्येच्या कोपऱ्याला भिंतीलगत खणायला घेतलं. बासष्ट वर्षांचा माणूस, एकटा. पाटी भरायची, शिडीने वर यायचं, ओतायची, पुन्हा उतरायचं. पहिल्या दिवशी फादरांना वाटलं, मजल्याची तयारी चालली आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मजूर देऊ केले. त्याने नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने शाळेच्या गड्याकरवी निरोप धाडला. फादर आले, मास्तरही आले.

तो खड्ड्यात उभा होता. पायाचा शेवटचा दगड त्याच्या छातीशी होता. त्या दगडाखालून त्याने मूठभर माती काढली आणि वर धरली. काळी, ओलसर.

"हे पाहा," तो म्हणाला. "मुरूम नाही. मले तवाच मालूम होतं."

फादर त्या मातीकडे वाकले. मग म्हणाले, "आणि दरवर्षी तुम्ही येत होता, ते?"

"तडा बुजवाले."

कमलाकांत मास्तरांचा चेहरा लाल झाला होता. "आणि आम्ही पोरांना याचे धडे दिले," ते म्हणाले. "वा मिस्त्री. आठ वर्षं सफेदी फासत होता आमच्या डोळ्यांवर."

जैनुद्दीनने मूठ उघडून माती खाली टाकली. फादर एवढंच म्हणाले, "घरी जा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं.

मजला रद्द झाला. पश्चिमेच्या त्या खोलीला कुलूप लागलं. फादरांनी पूर्वेच्या मोकळ्या जागेत नव्या खोल्या धरल्या आणि नागपूरहून दुसरा मिस्त्री आणला. पाया पावसाच्या आत भरला तर दिवाळीनंतर छप्पर, आणि डिसेंबरात तपासनीस. सगळं काठावर बसत होतं. अमरावतीत बातमी पसरली. ज्यांच्या घरांची कामं जैनुद्दीनकडे होती त्यांनी ती काढून घेतली. एकाने तर आपल्या उभ्या घराचा पाया उकरून पाहिला. तो मुरमावर होता, पण ते कोणी सांगत फिरलं नाही.

वैशाख संपत आला असता एक दिवस कमलाकांत मास्तर अकोल्याला आले. जुन्या शहरातल्या गल्लीत विचारत विचारत दारापर्यंत पोचले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"तुमच्याशी बोलणार नव्हतो," ते म्हणाले. "पण नागपूरवाला म्हणतो, नऊ फुटांवर मुरूम लागला. परवा भरणार. एकदा येऊन बघा."

"फादरसाहेबांनी बलावलं?"

"नाही. मी आलो. नारायण बसणार आहे तिथे."

"माह्यावर भरोसा हाय तुमचा?"

"भरोसा कसला? तुम्ही एकदा खोटा पाया घातला आहे. दुसऱ्याचा लगेच ओळखाल."

नसीमबानो आतून म्हणाली, "नका जाऊ, अब्बा. पुन्हा तुमचंच नाव घेतीन." त्याला जायचं नव्हतंच. अंगात बळही राहिलं नव्हतं. पण त्याने पागोटं डोक्यावर ठेवलं आणि मास्तरांच्या मागे चालू लागला.

दुसऱ्या सकाळी तो पूर्वेच्या खड्ड्यात उतरला. काठावर फादर, मास्तर आणि नागपूरचा मिस्त्री उभे होते. त्याने तळाला कुदळीचा एक घाव घातला, ढेकूळ उचललं, त्यावर लोट्यातलं पाणी ओतलं आणि बोटांनी चोळलं. ते मेणासारखं दबलं.

"हे मुरूम नोहे," तो म्हणाला. "पिवळी माती हाय. पाणी पिऊन फुगन. अजून खणा."

"किती?" फादरांनी विचारलं.

"चार फूट. पाचही लागतीन."

नागपूरवाला कुरकुरला, की मृग तोंडावर आहे, खड्ड्यात पाणी भरलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात लावता येणार नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

मास्तर मातीच्या ढिगावर खाली बसले. "म्हणजे यंदा वर्ग नाही," ते म्हणाले.

"नाही, मास्तर."

"मीच तुम्हाला घेऊन आलो."

"हो."

फादरांनी आभाळाकडे पाहिलं आणि मजुरांना हाताने खणायची खूण केली. नारायण त्या वर्षी शाळा सोडून एका वकिलाकडे लिखापढीला लागला. शाळेला वरचे वर्ग त्यानंतर दोन वर्षांनी मिळाले. पण ते नंतरचं. त्या सकाळी मजूर शिडीने खाली उतरले. दमलेला जैनुद्दीन वर चढला नाही, तो खड्ड्याच्या एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला, आणि ते त्याच्या आजूबाजूने खणू लागले.