दोन ते चारच्या ओळी

काल्हेरच्या गोदामाने त्या वर्षी मला नुसता वैताग आणला होता. मी भिवंडीत एका कापड व्यापाऱ्याच्या ऑफिसात कम्प्युटरचं काम बघायचो. गोदामात ट्रकवर कापडाची एक गाठ चढली की तिथला कारकून कम्प्युटरवर एंट्री करायचा आणि प्रोग्राम तिची एक ओळ लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, टाकायचा. या ओळी पडतील तशा ब्राउझरमध्ये दिसाव्यात, असं एक पान मी खपून तयार केलं होतं. शेठ ते टीव्हीसारखं बघत बसायचे. पान नीट चाललं तर महिनाअखेर मला कायम करणार होते.

आणि रोज दुपारी दोनला ते पान मुकं व्हायचं. चारनंतर सगळ्या ओळी भसाभस एकदम. शेठ माझ्याकडे बघायचे, मी स्क्रीनकडे. तीन दिवस प्रोग्राम उसवून पाहिला, चूक काही सापडेना. कारकुनाला फोन केला तर म्हणाला, लाइट गेली होती. दोन ते चार लोडशेडिंग असतं हे काय मला माहीत नव्हतं? त्यासाठीच तर तिथल्या कम्प्युटरला इन्व्हर्टर बसवला होता. माणूस जेवून ताणून देत असणार, असं मी ठरवूनच टाकलं आणि शेठच्या कानावरही घातलं. चौथ्या दिवशी त्याला रंगेहाथ पकडायला निघालो.

लाइट गेली तेव्हा मी गोदामाच्या दारातच होतो. कारकून झोपला नव्हता. कम्प्युटर बंद करून त्याने इन्व्हर्टर आतल्या दिव्यांना जोडला होता आणि ट्रकला लावलेल्या फळीपाशी उभा राहून तो गाठींचे नंबर पुठ्ठ्यावर लिहीत होता. गोदामाला खिडकी एकही नव्हती.

"बॅटरी जुनी हाय साहेब, दोन्ही एकदम न्हाय खेचत," तो म्हणाला. "मागं काळोखात एक हमाल फळीवरून पडला. पाय मोडला त्याचा. लाइट आली की सगळं टाकतो मी, एक गाठ चुकवत न्हाय."

माझी मलाच लाज वाटली.

ऑफिसात येऊन शेठना सगळं सांगितलं, नवी बॅटरी घ्या म्हणालो. ते म्हणाले, बॅटरीचं बघू, आधी त्याला कम्प्युटर चालू ठेवायला सांग. मी वाद घालायला हवा होता. घातला नाही. महिना संपायला आठच दिवस उरले होते. फोन मीच केला. पलीकडून नुसतं "बरं" आलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजले आणि ओळी थांबल्या नाहीत. एकामागून एक, सावकाश पडत राहिल्या. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"आता कसं झकास चाललंय."

मी चार वाजेपर्यंत त्या पानासमोरून हललो नाही. दोन ओळींमध्ये जरा जास्त वेळ गेला की माझा हात फोनकडे जायचा.