नळीतलं निवळ पाणी

धरमतरकडे जाताना आत वळलं की खारेपाटातल्या एका गावाच्या कडेला गोड्या पाण्याचं तळं आहे. पस्तिशीत असताना संशोधनासाठी तिथल्या गाळाचे नमुने काढायला मी दोन हिवाळे जात होते. होडीतून लांब पारदर्शक नळी तळात ढकलायची, तोंडाला बूच मारून ओढायची, की गाळ जसा साठला तसाच वर येतो. खाली जुना, वर नवा, त्यावर वीतभर तळ्याचं पाणी. नळी मात्र कायम उभीच ठेवायची. आडवी झाली तर वरचा मऊ गाळ घुसळतो आणि अलीकडची वर्षं एकमेकांत मिसळून जातात.

होडी गावातल्या एका काकांची. खाडीत मासेमारी करणारा माणूस, बोलणं बेताचं. पहिली आखूड नळी मी काठावरच कापली. खालून दट्ट्याने गाळ बोटभर वर सारायचा, पत्र्याने काप घ्यायचा, पिशवीत भरून नंबर टाकायचा, पत्रा पुसायचा, की पुढचा काप. काका उकिडवे बसून बघत होते.

"अळवड्या पाडतेस व्हय गो? तळायच्या कवा?"

वरच्या कापांत गुलाबी ठिपके निघाले. विसर्जनाचा रंग, त्यांनी लगेच ओळखला.

मोठी नळी माझ्या संशोधनाच्या सरांसमोर कापायची होती, म्हणून ती रोह्याला माझ्या खोलीवर न्यायची ठरली. काका टेम्पोत मागे बसले. नळी दोन्ही गुडघ्यांत, एक हात बुचावर. नागोठण्यापर्यंत रस्ता खोदलेला. खोलीवर पोचल्यावर त्यांनी नळी उजेडाकडे धरून मला दाखवली. गाळावरचं पाणी निवळ होतं.

"हमरापूरशी गणपती आणतो तशी आणलीय. हलू दिली नाय."

ती मी खिडकीच्या गजांना बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी, सर यायच्या आधी फोटो काढावा म्हणून मीच दोरी सोडली. एका हातात फोन, एका हातात नळी. नळी निसटून पलंगावर आडवी पडली. मी झटकन उभी केली, पण पाणी चहासारखं झालं होतं.

सर आले, पाण्याकडे बघितलं आणि विचारलं, हे कशाने? मी म्हणाले, टेम्पोत हलली असेल.

एवढंच मी म्हणाले. पुढच्या वेळी दुसरी होडी घ्या, असं सर म्हणाले. घुसळलेल्या गाळाचे काप मी सरळ नंबर टाकून पिशव्यांत भरले.

पुढच्या खेपेला आम्ही दुसऱ्याच्या होडीत सामान चढवत होतो, तेव्हा काका काठावर येऊन उभे राहिले. टेम्पोत त्यांनी नळी नीट धरली नाही, असं बोललं गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. सर लांब होते. काकांनी हळू विचारलं, "पोरी, माझ्याच्यानं हलली का गो?"

मी वहीत बघत राहिले.

पुढे मी ते काम सोडलं. पेणला एका कचेरीत बसते. पण अजूनही दुपारी कागद चाळताना ती होडी आठवते. नळी वर येऊ लागली की काका आणि मी दोघंही गप्प व्हायचो. गाळाचा तो कुबट, थंड वास यायचा, पाण्याखाली नळीचं टोक दिसायचं आणि काका तोंडातल्या तोंडात म्हणायचे, आली. तसं कुणाबरोबर गप्प बसणं मला पुन्हा मिळालं नाही. दहा वर्षं मी त्या फाट्यावरून जाते आणि आत वळत नाही.

या माघात वळले. काका ओट्यावर बसले होते, फार वाळलेत. ओळखलं त्यांनी. मी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं, की नळी माझ्या हातून पडली होती.

"ठाव हाय," ते म्हणाले. "तुज्याकडं दिली तवा पाणी निवळ व्हतं."

मग तेव्हा सरांना का सांगितलं नाहीत, मी विचारलं.

"तुलाच इचारलं ना मी."

बराच वेळ आम्ही तळ्याकडे बघत होतो. होडी कधीच मोडून गेली, काका म्हणाले. मग त्यांनी गुडघे जवळ घेतले, मधे काहीच नसताना एक हात वर बुचाच्या जागी ठेवला.

"अशी धरली व्हती."

"हो काका," मी म्हणाले. "अशीच धरली होती तुम्ही."