हाडानं निवडलेला हेडफोन

दणकेमामांचं आयुष्य पत्र्याची झाकणं ठोकण्यात गेलं. कारखान्यात ओळीनं प्रेसच्या मशिनी, आणि दणका असा की शेजारच्यानं बोंब मारली तरी ती त्याची त्यालाच ऐकू येऊ नये. म्हणून तिथं कुणी घसा वापरतच नसे. ओठ मोठे हलवायचे, पुढच्यानं ते वाचायचे. कळलं तर मान हलवायची. नाही कळलं तर मूठ वर धरायची, म्हणजे पुन्हा सांग. न कळता मान हलवणं हा तिथला मोठा गुन्हा. एकानं विचारावं हात काढला का, दुसऱ्यानं उगाच मुंडी हलवावी, की संपलं. नवा माणूस आला की मामा बोटं गेलेल्या एका जुन्या गड्याला बोलावून त्याचा पंजा पुढे करायला लावत. हा बघ, म्हणत, हा मान हलवणारा.

कान तिथंच राहिले, घरी नुसते मामा आले. तरी त्यांचं अडलं नाही, कारण मामींनी ओठांची ही बोली मामांपेक्षा सुरेख उचलली होती. संसार बिनआवाजी चालला. भांडणंसुद्धा अशी व्हायची की भिंतीपलीकडच्या शेजारणीला पत्ता लागू नये, आणि तिला त्याचीच हळहळ.

मग एका सकाळी मामींच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, तोंड एका बाजूला ओघळलं. आवाज निघायचा, पण ओठ ऐकेनात. बाकीच्यांना थोडंफार कळायचं, मामांनाच कळेना. थोरली लेक शिवणकामाहून आली की आईचं बोलणं ऐकून बापाला ओठांनी सांगायची. पाणी हवंय, कूस बदला, खिडकी लावा. एवढ्यावर भागायचं.

पण लेक स्वयंपाकघरात वळली की मामी डाव्या हातानं मामांची बाही ओढायच्या आणि काहीतरी सांगायच्या. रोज तेच, तोंडाची वेडीवाकडी वळणंही तीच. मामा मूठ वर धरत. त्या पुन्हा सांगत. पुन्हा मूठ. शेवटी दमून डोळे मिटत. लेकीला मध्ये घातलं, तर मामींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते लेकीच्या कानावर घालायचं नव्हतं. आणि लिहून द्यावं, तर अक्षराशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

तेवढं एक ऐकायचंच, असं मामांनी मनाशी धरलं. लेकीनं तोडगा काढला. फोन आईच्या उशाशी ठेवायचा, बिनतारी हेडफोन मामांच्या कानावर. फोन ऐकेल ते मोठं होऊन कानात येईल. कामावर निघताना तिनं ओठांनी शब्द फोडून फोडून बजावलं, "आप्पा, शब्द सुटे ऐकू येतील असा बघा. दणदणाट करणारा उचलू नका."

मामा दुकानात गेले आणि चाळीस वर्षांची खोड आडवी आली. मशीनचं बेअरिंग कुरकुरायला लागलं की ते लांब पेचकसाचं टोक त्यावर टेकवत आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावत. कान फसवतो, हाड फसवत नाही, हा त्यांचा वेद. दुकानदारानं एकेक हेडफोन गाणं लावून पुढे केला, आणि मामा तो कानावर घालायचा सोडून हाडावर दाबून बघत राहिले. दुकानदार समजावून थकला. हलके, नाजूक, बोलण्यासाठी चांगले म्हणून दाखवलेले सगळे मामांनी बाजूला सारले. मेलेत हे, म्हणाले. एक जाडजूड, काळा, कानाला गाद्या असलेला हाडावर टेकवला आणि जबडा थरथरला. मामा खूश. हा जिवंत आहे.

घरी आल्यावर त्या जिवंतपणानं छळ मांडला. पंखा रेल्वेसारखा धडधडायला लागला, चादर सरकली तर दरड कोसळली. मामींचा आवाज आला तो गोणीत कोंबलेल्या भुंग्यासारखा, तोही ओठ हलून गेल्यावर. वरातीमागून घोडं. लेकीनं फोनमध्ये खटपट करून दणका कमी केला, तेव्हा भुंगाही गेला. परत देऊ म्हटलं, तर दुकानदार उघडलेला माल घेईना.

मग लेक त्यांच्यासमोर बसली. "आप्पा, दुसरा आणला तरी थोडाच फरक पडेल. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, बारीक आवाज तुमच्या कानात उरलेलेच नाहीत."

आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार. मामांना ते कळलं. पण मामींना कुणी सांगितलं नव्हतं. नवा हेडफोन बघून त्यांच्या धड डोळ्यात चमक आली होती.

लेक स्वयंपाकघरात गेली. मामींनी बाही ओढली. या वेळी त्यांनी सारा जीव एकवटला. मानेच्या शिरा ताठल्या, कपाळाला घाम आला, ओठाच्या कडेनं लाळ गळली. एकेक तुकडा ढकलत त्यांनी सगळं शेवटापर्यंत सांगितलं आणि मामांकडे बघत राहिल्या.

मामांच्या कानात नुसती घरघर झाली. मूठ वळली होती, मांडीवर होती. ती वर गेली नाही. पुन्हा हे सगळं करायला लावणं त्यांच्यानं झालं नाही. मामांनी मान हलवली.

मामींचा अर्धा चेहरा हसला. त्यांनी मामांचा हात थोपटला आणि ओझं उतरवल्यासारखे डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मामांनी हेडफोन चढवला, फोन उशाशी ठेवला, खुर्ची जवळ ओढली. बाही कुणी ओढली नाही. मामांनी आपणहून मूठ वर धरली. मामींनी नवलानं त्या मुठीकडे बघितलं. सांगून झालं होतं, पोचही मिळाली होती. मामा मोठ्यानं म्हणाले, "काल काय म्हणालीस गं?"

आवाजानं लेक दारात आली. मामींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढे बाही कधी ओढली गेली नाही. मामा रोज हेडफोन घालून बसत. उशाशी ठेवलेला फोन मामींचा श्वास तेवढा पाठवत राही, जड, ठोक्याला ठोका, थेट हाडापर्यंत. तो मात्र चोख ऐकू यायचा.