तिसऱ्यांदा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष

माझे वडील शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. साताऱ्यात ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी जपानमध्ये, कावासाकीत होते आणि माझं तिकीट तीन आठवड्यांनंतरचं होतं. आधी का गेले नाही, हे आजही धड सांगता येत नाही. ऑफिसात एका प्रोजेक्टची डिलिव्हरी होती. डॉक्टर 'घाई नाही' म्हणाले होते. थांबायचंच असलं की कारणांना तोटा नसतो.

माझ्या आठ वर्षांच्या लेकीने वाचनालयातून एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाचं चरित्र आणलं होतं, मुलांसाठी लिहिलेलं. तिने ते उघडलंही नाही. मीच ते डब्याच्या पिशवीत टाकलं आणि रोज दुपारच्या सुट्टीत ऑफिसमागच्या बाकावर बसून बाबांना फोनवर मराठीत सांगू लागले. आई फोन त्यांच्या कानाशी धरायची. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा, हा बाबांचाच नियम. लहानपणी मी विसरले की ते गोष्ट तिथेच थांबवायचे. आता ते देत होते. "हुं."

शेतावरचं बालपण, एक हरलेली निवडणूक, दोन जिंकलेल्या. आठ वर्षांचा कारभार लेखकाने बारा पानांत उरकला होता. शेवटच्या पानावर अध्यक्ष गावी परततो आणि मरतो. ते न सांगताच मी पुस्तक मिटलं. तिकिटाला अजून नऊ दिवस होते.

"मग लोकांनी त्याला तिसऱ्यांदा निवडून दिलं," मी म्हणाले.

हुंकार जरा उशिरा आला. "हुं."

पुढे मी थापांवर थापा मारल्या. पूल बांधले, दुष्काळ हटवला, त्याचं बायकोशी भांडणही लावून दिलं. वाचनालयाची मुदत संपली तशी लेकीने जपानीत आठवण करून दिली आणि मी पुस्तक परत देऊन आले. गोष्टीला त्याची गरज नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी अध्यक्ष चौथ्यांदा उभा राहिला. बारीकसा हुंकार आला.

मी पोचले त्या सकाळीच बाबा गेले होते. मला काही वाटलं नाही. सतरंज्या टाकल्या, चहा दिला, जपानमधल्या सवयीने प्लास्टिकचे पेले वेगळ्या पिशवीत भरले.

तेराव्यानंतर आई भाजी निवडताना म्हणाली, "तिसऱ्यांदा म्हणालीस ना, तेव्हा फोन ठेवल्यावर हसले गं. म्हणाले, अमेरिकेत दोनदाच निवडून येता येतं, हे मीच तिला शिकवलंय. पण तू तिला काही बोलू नकोस."

"आणि चौथ्यांदा?"

"तेव्हा ते शुद्धीत नव्हते. दोन दिवस नव्हते. हुंकार मी देत होते."

"मला सांगायचंस ना, आई."

तिने मान वर केली नाही. "हुंकार दिला नसता, तर तू गोष्ट थांबवली असतीस."